चंद्रपूर-गडचिरोलीचा पर्जन्य नकाशा क्यूजीआयएसमध्ये कसा करावा आणि कसा वाचावा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे मिळून सुमारे २५,८५० चौ. किमी. क्षेत्र आहे. त्यातले १४,४१२ चौ. किमी. एकट्या गडचिरोलीचे, आणि त्याचाही तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगलाखाली. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या भागात कापूस आणि सोयाबीन. पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, मूल, सावलीपासून पुढे वैनगंगा ओलांडून आरमोरी, चामोर्शी, कुरखेड्यापर्यंत धान. पाऊसही साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो. राज्याच्या नऊ कृषी हवामान विभागांमध्ये गडचिरोली पूर्ण आणि चंद्रपूरचा बहुतांश भाग पूर्व विदर्भ विभागात येतो. एवढे सर्वांना माहीत असते. प्रश्न पुढचा आहे: माझ्या गावात किती पडतो?

या प्रश्नाचे उत्तर हल्ली रंगीत नकाशातून दिले जाते. पीक आराखडा, पाणलोटाचा प्रस्ताव, शेततळ्याची जागा, धानाच्या वाणाची शिफारस, सगळीकडे पावसाचा नकाशा जोडलेला असतो. फिकट निळ्यापासून गर्द निळ्यापर्यंत सगळा जिल्हा भरलेला, एकही जागा कोरी नाही. कोरी जागा नसणे हीच त्या नकाशातली सर्वांत मोठी अडचण आहे. पाऊस मोजला जातो मोजक्या ठिकाणी, उरलेला रंग संगणकाने गणिताने भरलेला असतो. कोणता रंग मोजलेला आणि कोणता भरलेला, हे ओळखता आले तर नकाशा कामाचा आहे. म्हणून कृषी सहायक, कृषी मित्र आणि संगणक हाताळणाऱ्या तरुण शेतकऱ्यांनी असा एक नकाशा एकदा तरी स्वतः करून पाहावा असे माझे मत आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि पहिला नकाशा दोन दिवसांत होतो. त्यातला दीड दिवस आकडे साफ करण्यात जातो.

आकडे कुठून घ्यायचे

कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तालुका आणि महसूल मंडळनिहाय दैनंदिन पाऊस मिळतो. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यामुळे मंडळ पातळीवरची माहिती पूर्वीपेक्षा बरीच दाट झाली. पण एक लक्षात ठेवा. हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांची नोंद धरतात, सध्या १९९१ ते २०२० हा काळ चालतो. मंडळ केंद्रांचे वय अजून तेवढे नाही. त्यामुळे तालुक्याच्या जुन्या मापकाची ३० वर्षांची सरासरी आणि मंडळाच्या नव्या केंद्राची सात-आठ वर्षांची सरासरी एकाच तक्त्यात घालू नका. नवी वर्षे योगायोगाने ओली असतील, तर नवी केंद्रे असलेला भाग नकाशावर उगाच जास्त पावसाचा दिसेल.

दुसरा मार्ग चौकटींच्या माहितीचा. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची पाव अंशाच्या चौकटींतली दैनंदिन पावसाची माहिती १९०१ पासून उपलब्ध आहे. आपल्या अक्षांशावर अशी एक चौकट साधारण २६ बाय २८ किमी. म्हणजे सव्वासातशे चौ. किमी.च्या आसपास भरते, आणि आपले दोन्ही जिल्हे मिळून अशा जेमतेम ३६ चौकटी होतात. उपग्रहाची माहिती मापकांशी जुळवून केलेला चिर्प्स हा संच १९८१ पासूनचा आहे. त्याची चौकट साडेपाच किमी.च्या आसपास. वर्ल्डक्लिम नावाच्या संचात तर सुमारे एक किमी.ची चौकट मिळते.

बारीक चौकट म्हणजे जास्त माहिती, असा समज इथे होतो. तो सोडून द्यावा. हवामान विभागाची चौकट देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी एकमेकांत गुंफून तयार केली आहे. वर्ल्डक्लिमही केंद्रांच्या नोंदींवरून आणि उंचीवरून काढलेला अंदाजच आहे. एटापल्लीच्या आतल्या जंगलात मापक नसेल तर एक किमी.च्या चौकटीतला आकडासुद्धा दूरच्या मापकावरूनच आलेला असतो, फक्त बारीक चिरलेला.

तक्ता तयार करताना

प्रत्येक केंद्राला एक ओळ: नाव, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, पाऊस मि.मी.मध्ये. तक्ता सीएसव्ही स्वरूपात साठवा. इथे चार गोष्टी हमखास बिघडतात.

जुन्या नोंदीत जागा अंश आणि मिनिटांत लिहिलेली असते. २० अंश २७ मिनिटे म्हणजे २०.४५, कारण २७ ला ६० ने भागायचे. कोणी थेट २०.२७ लिहिले तर केंद्र सुमारे २० किमी. दक्षिणेला सरकते, आणि नकाशा कुठलीही तक्रार न करता तयार होतो.

दुसरे, नावे. देसाईगंज कुठे वडसा म्हणून असते, ब्रह्मपुरी दोन प्रकारे लिहिले जाते, मूल कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ. तालुक्याच्या सीमांचा नकाशा आणि पावसाचा तक्ता नावावरून जोडायचा असेल तर अशा नावांचे तालुके कोरे राहतात. नावाऐवजी जनगणनेचा सांकेतांक वापरणे सोयीचे.

तिसरे, शून्य आणि रिकामे यातला फरक. मापक बंद होता, वाचक आला नाही, नेटवर्क नव्हते, अशा दिवशी रकान्यात शून्य पडले तर तो दिवस कोरडा ठरतो. आपल्याकडे हे जास्त धोक्याचे आहे, कारण संपर्क तुटतो तो नेमका मोठ्या पावसात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसाची नोंद हरवली आणि तिथे शून्य बसले, तर सर्वांत ओल्या भागाची सरासरी खाली येते. शेजारच्या सर्व केंद्रांवर मोठा पाऊस आणि एकावरच शून्य असेल, तर ती नोंद रिकामी धरा आणि खात्री करा.

चौथे, दिवस. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात, आणि नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पडते. उपग्रहाच्या बऱ्याच संचांचा दिवस आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाचला बदलतो. महिन्याच्या बेरजेत याने फारसा फरक पडत नाही. एका दिवसाच्या पुराचा नकाशा करताना मात्र पडतो.

सॉफ्टवेअरमधले काम

क्यूजीआयएस उघडून सीएसव्ही तक्ता डिलिमिटेड टेक्स्ट लेअर म्हणून आणा. रेखांश हा एक्स, अक्षांश हा वाय. उलटे टाकले तर केंद्रे भलत्याच मुलखात जाऊन पडतात, त्यामुळे ही चूक तरी लगेच कळते. नंतर हा थर ईपीएसजी ३२६४४ या प्रणालीत साठवा. ती यूटीएमचा ४४ उत्तर हा पट्टा आहे, दोन्ही जिल्हे पूर्णपणे त्यात बसतात. असे केल्याने अंतरे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजली जातात.

मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधून आयडीडब्ल्यू इंटरपोलेशन निवडा, पावसाचा रकाना द्या, चौकटीचा आकार १,००० मीटर ठेवा. तयार झालेला थर जिल्ह्याच्या सीमेने कापून घ्या. त्यासाठी क्लिप रास्टर बाय मास्क लेअर ही आज्ञा आहे. झाला नकाशा. आता आत काय घडले ते पाहू, कारण खरी मेख तिथे आहे.

समजा तुमच्या गावापासून १०, २० आणि ४० किमी. अंतरावर तीन मापके आहेत आणि त्यांची सरासरी अनुक्रमे १,१००, १,३०० आणि १,५०० मि.मी. आहे. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. ही पद्धत प्रत्येक मापकाला अंतराच्या उलट प्रमाणात वजन देते. घातांक २ असेल (क्यूजीआयएस आपणहून हाच धरते) तर वजने होतात १०० ला १, ४०० ला १ आणि १,६०० ला १. गुणाकार-भागाकार केला की तुमच्या गावाचा पाऊस येतो १,१५७ मि.मी. आता फक्त घातांक २ चा १ करा. मापके तीच, नोंदी त्याच, आणि पाऊस येतो १,२१४ मि.मी. आकाशातून एक थेंबही जास्त न पडता ५७ मि.मी. वाढले. हे कागदावर एकदा करून पाहा, दहा मिनिटे लागतात. त्यानंतर ५० मि.मी.च्या पायऱ्यांचा रंगीत नकाशा समोर आला की तुम्ही त्याकडे वेगळ्या नजरेने बघाल.

या पद्धतीत आणखी एक गोष्ट कधीच घडत नाही. अंदाज सर्वांत कमी नोंदीच्या खाली किंवा सर्वांत जास्त नोंदीच्या वर जात नाही. डोंगरावर खरोखर जास्त पाऊस पडत असेल पण सगळी मापके पायथ्याच्या गावांत असतील, तर नकाशा तो जास्तीचा पाऊस दाखवूच शकत नाही. सुरजागड, टिपागड, भामरागडच्या डोंगररांगांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवे. प्रत्येक मापकाभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळे दिसली, तर ती पावसाची नाहीत, गणिताची आहेत. क्रिगिंग नावाची पद्धत याहून बरी आहे आणि चूक किती असू शकते तेही सांगते; पण तिला पुरेशी केंद्रे लागतात. बारा-पंधरा बिंदूंवर क्रिगिंग चालवणे म्हणजे भारदस्त नाव लावून तोच अंदाज करणे.

जिल्ह्याच्या सीमेवर केंद्रे संपवू नका. सिरोंचाच्या पलीकडे प्राणहिता आणि गोदावरीपार तेलंगणा आहे, भामरागड आणि एटापल्लीला लागून छत्तीसगड. शेजारच्या नोंदी घेतल्या नाहीत तर या तालुक्यांचा रंग फक्त आतल्या बाजूच्या मापकांवरून ठरतो. हीच गोष्ट पश्चिमेला यवतमाळ-वर्धा आणि उत्तरेला नागपूर, भंडारा, गोंदियाची. किमान ५० किमी. बाहेरपर्यंतची केंद्रे घ्या आणि नकाशा शेवटी कापा.

मापके पुरेशी आहेत का

पर्जन्यमापकांच्या जाळ्यासाठी आयएस ४९८७ हे भारतीय मानक आहे. सपाट प्रदेशात ५२० चौ. किमी.ला एक मापक, आणि डोंगराळ, जास्त पावसाच्या प्रदेशात १३० चौ. किमी.ला एक, असे ते सांगते. गडचिरोलीत १२ तालुके आहेत. तालुक्याला एकच मापक धरला तर सरासरी १,२०० चौ. किमी.ला एक पडतो, म्हणजे सपाट प्रदेशाच्या निकषाच्या निम्म्याहून कमी. मंडळाची केंद्रे धरली तर चित्र सुधारते, पण ती गावांजवळ आणि रस्त्यालगत आहेत. गावे दाट तिथे मापके दाट, जंगल दाट तिथे विरळ.

जंगलातल्या मापकाचा आणखी एक प्रश्न असतो: झाडांचा आडोसा. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मोकळे हवे. २० मीटर उंच मोहाचे झाड असेल तर मापक ४० मीटर दूर. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात ही जागा मिळते, पण मापक बसवल्यावर दहा वर्षांत शेजारचे झाड वाढते आणि नोंद हळूहळू कमी होत जाते. नकाशात एखादे केंद्र शेजाऱ्यांपेक्षा वर्षानुवर्षे कमी दाखवत असेल, तर संगणकावर डोके लढवण्याआधी तिथे जाऊन वर बघावे.

हा विषय केवळ अभ्यासाचा नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरली जाते, आणि पुढचे पंचनामे, मदत त्या नोंदीवर अवलंबून असतात. गडगडाटी पाऊस कधी कधी पाच-सात किमी.च्या पट्ट्यात पडतो. मंडळाच्या मापकावर ४० मि.मी. आणि बारा किमी.वरच्या गावात बांध्या फुटलेल्या, हे आपल्या भागात नवे नाही. अशा वेळी दैनंदिन पावसाचा रंगीत नकाशा पुरावा म्हणून दाखवला जातो, तेव्हा त्या गावाचा रंग मोजलेला नाही हे सांगता आले पाहिजे. वर्षाच्या सरासरीचा नकाशा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो, महिन्याचा त्याहून कमी, आणि एका दिवसाचा सर्वांत कमी. कारण काळ जितका लहान, तितका शेजारच्या दोन गावांतला फरक मोठा.

नकाशाची परीक्षा

एक सोपी चाचणी आहे. एक केंद्र, समजा मूल, तक्त्यातून तात्पुरते काढून टाका. उरलेल्या केंद्रांवरून नकाशा करा आणि मूलच्या जागी किती आला ते वाचा. तो मूलच्या खऱ्या नोंदीशी ताडून पाहा. मग मूल परत घालून सिंदेवाही काढा. असे सर्व केंद्रांचे करा आणि फरक लिहून ठेवा. फरकांची सरासरी १०० मि.मी. येत असेल तर नकाशाच्या रंगांच्या पायऱ्या १०० पेक्षा लहान ठेवण्यात अर्थ नाही. काम कंटाळवाणे आहे, तरीही घातांक किती ठेवायचा हेही याच चाचणीने ठरवा. ज्याने फरक कमी येतो तो ठेवा.

तापमानाच्या नकाशाबद्दल थोडक्यात. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी या वेधशाळा उन्हाळ्यात देशभर बातम्यांत असतात, पण दोन वेधशाळांवरून दोन जिल्ह्यांचा नकाशा होत नाही. उंचीचा थर जोडून दर १,००० मीटरला साडेसहा अंशांच्या हिशेबाने दुरुस्ती करता येते. ३०० मीटर उंच जागा साधारण दोन अंश थंड येते. जंगलाचा गारवा या हिशेबात धरलेला नसतो.

धानासाठी उपयोगी नकाशा कोणता

वार्षिक सरासरीचा नकाशा सुंदर दिसतो, पण धानवाल्याला त्याचा उपयोग कमी. १,३०० मि.मी.ची सरासरी असलेल्या गावातही जुलै कोरडा गेला तर पऱ्हे वाफ्यातच म्हातारे होतात आणि रोवणी ऑगस्टवर जाते. म्हणून दुसरा नकाशा करा. २७ ते ३० हे हवामान आठवडे, म्हणजे २ ते २९ जुलै, हा रोवणीचा मुख्य काळ धरा. चिखलणी आणि रोवणीला तुमच्या जमिनीत किती पाऊस लागतो ते ठरवा, उदाहरणार्थ २०० मि.मी. मग चौकटींच्या माहितीतून १९९१ ते २०२० या ३० वर्षांपैकी किती वर्षे या काळात तेवढा पाऊस झाला नाही, ते प्रत्येक चौकटीसाठी मोजा. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक वर्षाला कमी पडला तर १, नाही तर ० असे करून ३० थरांची बेरीज केली की झाले.

या नकाशावर ‘३० पैकी ९ वर्षे’ असा आकडा आला, तर शेतकऱ्याशी बोलता येते. दहापैकी तीन वर्षे रोवणी लांबणार असेल, तर मामा तलावाचे किंवा बोडीचे पाणी नसलेल्या बांधीत १४० दिवसांपुढचा भारी धान घ्यायचा, की ११५-१२० दिवसांचा हलका? काही बांध्यांत आवत्या करावा का? असाच नकाशा सप्टेंबरच्या उत्तरार्धासाठी केला तर भारी धान निसवताना पाणी मिळण्याची शक्यता कळते. सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्राच्या वाण शिफारशी अशा नकाशाशेजारी ठेवून वाचाव्यात.

मात्र पीक बदलते ते सगळे पावसामुळे, असे समजू नका. वरोरा-कोरपन्याकडचा कापूस काळ्या जमिनीमुळेही आहे, आणि नागभीड-सिंदेवाहीचा धान तलावांमुळेही. पावसाच्या थरावर जमीन आणि तलाव यांचे थर ठेवल्याशिवाय पीक बदलाची शिफारस करू नये.

कोरी जागा दाखवा

शेवटचे काम बफरचे. प्रत्येक मापकाभोवती १३ किमी. त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याचे क्षेत्र सुमारे ५३० चौ. किमी. भरते, म्हणजे मानकातला सपाट प्रदेशाचा निकष. डोंगराळ तालुक्यांत साडेसहा किमी.चे वर्तुळ घ्या. या वर्तुळांच्या बाहेर उरलेल्या भागावर तिरप्या रेघा मारा आणि सूचीत लिहा: ‘मापक नाही, अंदाज’. मापकांचे बिंदूही नकाशावर ठेवा, शोभा कमी झाली तरी चालेल. कोपऱ्यात वर्षे, केंद्रांची संख्या, पद्धत, घातांक आणि चाचणीतला सरासरी फरक लिहा.

रेघांचा हा भाग नवीन मापक कुठे हवा तेही दाखवतो. तिथली आश्रमशाळा, वनपरिक्षेत्र कार्यालय किंवा ग्रामपंचायत शोधा, जिथे सकाळी साडेआठला रोज कोणीतरी हजर असते. साधा मापक पुरेसा आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर मापक बसवल्याची तारीख, जवळच्या झाडाचे अंतर व उंची, आणि अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत लिहा; त्याने जागा दहा-अकरा मीटरपर्यंत नक्की होते.